सिस्टरनी माझं नाव घेतलं नाही

सिस्टर फोन कधी बसून करत नसत. अंगात कोट, पायात बूट, खांद्याला पर्स, अशा तयारीनिशी उभ्या उभ्या नंबर फिरवायच्या. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाई कुठं तरी निघाल्यात आणि जाता जाता एक फोन उरकून घेतायत. म्हणून म्हणालो, "तुमचं चालू द्या, मी नंतर येतो." तर रिसीव्हरवर हात ठेवून म्हणाल्या, "नंतर कशाला ओ? घर मोकळं हाय म्हणाले की लगेच निघायचं. कोट घालण्यात पाच मिनिटं घालवली, तर तेवढ्यात दुसरा कुणी तरी जाऊन उभा राहतोय." ज्यांनी हॅम्बर्गमध्ये भाड्याचं घर शोधलं आहे, पावसात जिन्यापासून फुटपाथपर्यंत लागलेल्या रांगेत उभे राहिले आहेत, त्यांना यात काही जास्तीचं वाटणार नाही.

इंदुमती साळवे हे त्यांचं नाव. मिरजेला नर्सिंग शिकून बाविसाव्या वर्षी जर्मनीत आल्या, चाळीस-बेचाळीस वर्षं इथल्या दवाखान्यांत नोकरी केली, लग्न केलं नाही. जर्मन लोक त्यांना श्वेस्टर इंदू म्हणत, आपली मंडळी नुसतंच सिस्टर. या हिवाळ्यात त्या वारल्या. आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या शोकसभेत त्यांच्याबद्दल दोन मिनिटं बोललं गेलं. बोलणारा माझा पन्नास वर्षांपासूनचा मित्र होता. तो म्हणाला, "सिस्टर मनानं चांगल्या होत्या, पण स्वभाव भांडखोर. आपल्याच माणसांवर नको ते आरोप करायच्या. असो." सभेत माना हलल्या. मी पहिल्या रांगेत होतो. माझी मान हलली की नाही ते आठवत नाही. हलली असेल. त्या दिवसापासून मला एका जागी बसवत नाही. एवढं लिहिताना मी चार वेळा उठून खिडकीशी जाऊन आलो.

सिस्टरना ज्यांनी कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. आणि ज्यांनी पाहिलं, पण माझ्या हातून लिहिली गेलेली खोटी गोष्ट खरी मानली, त्यांच्यासाठीही.

माझी पत्नी रेनाटे दवाखान्यात होती तेव्हाची ओळख. वेळेवर न आलेल्या अँब्युलन्सवरून मी कॉरिडॉरमध्ये कुणाशी तरी फोनवर कडाकडा भांडत होतो. फोन ठेवला आणि मराठीत एक शिवी हासडली. मागून आवाज आला, "अगं बाई! हा तर आपला माणूस! मला वाटलं कोण जर्मन कावलाय." वळून पाहिलं तर बुटकी, सावळी, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा घातलेली नर्स. हातातल्या ट्रेवर औषधांचे कप होते आणि एकही हलत नव्हता.

माझं जर्मन रेनाटेच्या घरात घडलेलं. तिचे वडील बंदरावर कामाला होते, त्यांच्या जेवणाच्या टेबलावर मी ही भाषा शिकलो. फोनवर मला आजवर कुणी परका म्हणून ओळखलेलं नाही. समोर उभा राहिलो की गोष्ट वेगळी. रेनाटे गेली. पुढं तीनेक आठवड्यांनी सिस्टरचा फोन आला. तोवर त्या निवृत्त झाल्या होत्या.

"साहेब, काय करताय?"

"काही नाही."

"गेनाऊ, अगदी बरोबर. म्हणून तर फोन केला. तुमचा आवाज लागतोय मला."

काम असं होतं. कुणी तरी घरासाठी फोन करायचं. सीरियातून आलेलं कुटुंब, नायजेरियाचा विद्यार्थी, कधी आपलीच एखादी मुलगी. नाव ऐकलं की पलीकडचा माणूस म्हणायचा, क्षमा करा, घर गेलं. अर्ध्या तासानं त्याच नंबरवर मी फोन करायचा. माझ्या सासऱ्यांच्या आडनावानं, पीटरसन म्हणून. पहिल्याच खेपेला पलीकडच्या बाईंचा आवाज एकदम मऊ झाला. "हो हो, हेर पीटरसन, घर आहे ना. गुरुवारी चार वाजता जमेल?" मी फोन ठेवला.

मी म्हणालो, "सिस्टर, हे खोटं बोलणं झालं."

"नाव तुमच्या बायकोचं, आवाज तुमचा. यात खोटं काय ते सांगा की. खोटं ते बोलले. घर गेलं म्हणे! कुणाला गेलं? अर्ध्या तासात परत कसं आलं?"

'कुणाला गेलं' हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. त्या रागावत नसत, दुसऱ्यालाही रागावू देत नसत. "रागावलात की शब्द विसरताय. आधी लिहून घ्या, मग काय ते रागवा." लिहायला त्यांच्याकडं वॉर्डातले जुने तापाचे तक्ते होते, मागची बाजू कोरी. त्यावर पट्टीनं रकाने आखलेले. वेळ, नंबर, पलीकडचा माणूस काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत, आणि शेवटी आपलं मत. "पेशंट म्हणाला पोटात आग पडलीय, तर आग पडलीय असंच लिहायचं. ॲसिडिटी लिहायची नाही. ॲसिडिटी हे आपलं मत." मी बोलत असताना त्या खोलीतून बाहेर जायच्या, कोट घालून दाराबाहेर उभ्या राहायच्या. दोघांनी ऐकलं तर दोघांच्या आठवणी एकमेकींत मिसळतात, असं त्यांचं म्हणणं. नाडी एकानंच मोजायची.

मग तो कागद भेदभावाच्या तक्रारी घेणाऱ्या सल्ला केंद्रातल्या वकीलबाईंकडं जायचा. त्यांचं एक पत्र गेलं की बहुतेक घरमालकांना घर अजून रिकामं असल्याचं आठवायचं. सिस्टर घर बघायलाही सोबत जात. एकदा आयम्सब्युटेलमध्ये एक घरमालकीण नाक मुरडून म्हणाली, तुमच्या लोकांच्या स्वयंपाकाचा वास भिंतींत मुरतो. सिस्टर अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "चाळीस वर्षं मी तुमच्या लोकांच्या आयांची अंथरुणं बदलली. तेव्हा वासाची तक्रार आली नाही ती?" ते घर मिळालं नाही. पण परतताना बसमध्ये आम्ही दोघं इतके हसलो की ड्रायव्हरनं आरशात पाहिलं.

आता शोकसभेत बोललेल्या त्या मित्राबद्दल, म्हणजे नानाबद्दल. हे त्याचं खरं नाव नाही. त्याची नातवंडं इथं शाळेत आहेत आणि त्यांचा यात काही दोष नाही. माझं नाव मात्र खरं लिहितो, अरविंद केळकर.

नाना आणि मी एकाच वर्षी आलो. मला विमानाच्या कारखान्यात नोकरी होती, पण खोली मिळत नव्हती. तेव्हाच्या घरमालकिणी 'गेलं' वगैरे सांगत बसत नसत, 'परदेशी नको' असं तोंडावर म्हणून दार लावत. नानाला बंदराजवळ माळ्यावरची उतरत्या छताची एक खोली मिळाली होती. तो मला तिथं घेऊन गेला. सात महिने मी त्याच्या पलंगावर झोपलो आणि तो, पाठीचं दुखणं असलेला माणूस, खाली फरशीवर सतरंजी टाकून. मी नको म्हटलं की म्हणायचा, "झोप रे गपचूप. तुला सकाळी फेरीबोट गाठायचीय." असला मित्र सगळ्यांच्या नशिबी नसतो.

पुढं नानानं बार्मबेकमध्ये चार फ्लॅट घेतले आणि भाड्यानं दिले. ते आपल्याच मुलांना, म्हणजे पुण्या-मुंबईहून येणाऱ्या इंजिनियरांना. फोन आला की त्याचा पहिला प्रश्न, "आडनाव काय?" दुसरा, "मूळचे कुठले?" तिसऱ्या प्रश्नाची गरज पडत नसे. मला हे कित्येक वर्षं घरगुती, मायेचं वाटायचं. ज्यांची उत्तरं नानाला पटत नसतील त्यांचं पुढं काय होत असेल, हा विचार मी कधी केला नाही. निवृत्तीनंतर सिस्टरनीही त्याच्याकडं घरासाठी विचारणा केली होती. तो किस्सा नाना मंडळाच्या सहलीत रंगवून सांगायचा. "मी विचारलं, साळवे म्हणजे कुठले साळवे? तर म्हणतात कशा, मिरजेचे. मी म्हटलं, मिरजेचे म्हणजे? तर म्हणतात, म्हणजे माणसंच की ओ!" सगळे हसायचे. मीही हसायचो. घर त्यांना मिळालं नव्हतं, हे त्या हसण्यात कुणी विचारत नसे.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्या जुन्या पेशंटांना भेटायला सिस्टर दर मंगळवारी एका वृद्धाश्रमात जायच्या. तिथं ग्रेस नावाची घानाची बाई मदतनीस होती. कुमासी शहरातून आलेली, विधवा, कर्मचाऱ्यांच्या वसतिगृहात एका खोलीत राहणारी. तिची मुलगी अबेना तिकडं आजीजवळ होती. मुलीला आणायचं तर आउसलेंडरबेहर्डेची, म्हणजे परदेशी लोकांची कागदपत्रं पाहणाऱ्या कचेरीची अट होती: दोघींना पुरेल एवढं घर तुमच्या नावावर भाड्यानं घेतलेलं दाखवा. आणि हे मुलीला सोळावं वर्ष पूर्ण होण्याआधी झालं पाहिजे, त्यानंतर नियम फार कडक होतात. अबेनाला सोळा पूर्ण व्हायला चार महिने उरले होते. सिस्टरनी तो दिवस स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेन्सिलीनं गोल केला होता.

एका दुपारी त्या माझ्याकडं आल्या. भिजलेला कोट काढला नाही. म्हणाल्या, "साहेब, आज ग्रेस एक घर बघायला गेली होती. फोनवर या म्हणाले, आणि दार उघडून हिला पाहिल्यावर सकाळीच गेलं म्हणाले. आल्झो, म्हणजे नेहमीचंच. पण या घराला पीटरसन नको. याला केळकर पाहिजे."

त्यांनी पुढं केलेल्या चिठ्ठीवर नानाचा नंबर होता. तो मला पाठ होता.

मी त्याच वेळी सांगायला हवं होतं की हा माझा मित्र आहे, मला यात घेऊ नका. त्यांना ते माहीत होतंच. पण खरं सांगायचं तर मला खात्री होती, नाना म्हणेल, अरे, घर सकाळीच गेलं रे. सिस्टरचा संशय फिटेल. त्या खात्रीनंच मी नंबर फिरवला. सिस्टर दाराबाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

"नाना, माझा एक पुतण्या येतोय इकडं. तुझं बार्मबेकचं घर रिकामं आहे का रे?"

"आहे म्हणजे? ठेवलंय! आपल्या माणसासाठीच थांबलोय. अरे, सकाळी एक काळी बाई आली होती. फोनवर बोलण्यावरून कळलंच नाही बघ. गेलं म्हणून सांगून टाकलं. ही माणसं एकदा शिरली की सगळं खानदान आणतात. कधी येतोय तुझा पुतण्या?"

मी काही तरी बोलून फोन ठेवला. सिस्टर आत आल्या. "काय म्हणाले? त्यांच्याच शब्दांत." मी सांगत गेलो, त्या लिहीत गेल्या. एकदाच थांबून विचारलं, "आणतात म्हणाले की आणतील?" आपल्या मताच्या रकान्यात त्यांनी काहीच लिहिलं नाही. कागद माझ्याकडं फिरवला. "इथं सही करा. कागद दोन महिन्यांच्या आत लेखी गेला पाहिजे, असं वकीलबाई म्हणतायत. सही असली तर एका पत्रात काम होतंय. नानासाहेबांना कोर्टाचं तोंडसुद्धा बघायला लागणार नाही, घर देऊन मोकळे होतील."

मी म्हणालो, "ठेवून जा. उद्या करतो."

त्या कागद ठेवून गेल्या. मी तो टेबलाच्या खणात ठेवला. आठवड्यानं त्यांचा फोन आला.

"साहेब, झाली का?"

"बघतो."

"बघतो म्हणजे व्हय का नाही?"

"बघतो म्हणजे… बघतो, सिस्टर."

कारखान्यात मी असं कधी बोललो नाही. तिथं अशा प्रश्नाला 'या' किंवा 'नाइन', म्हणजे हो किंवा नाही, यापैकी एक उत्तर द्यावं लागायचं, आणि मी ते नेहमी दिलं. पण मायभाषेत मला ही एक बारीकशी पळवाट होती. हो म्हटलं नाही म्हणून नानाशी दगा झाला नाही, नाही म्हटलं नाही म्हणून सिस्टरशी झाला नाही. दर आठवड्याला त्या विचारायच्या, दर आठवड्याला मी बघायचो. खण मात्र मी उघडला नाही. नानानं माझ्यासाठी फरशीवर काढलेले सात महिने डोळ्यांपुढं यायचे. आपण ज्याच्या पलंगावर झोपलो त्याच्याविरुद्ध सही करायची?

मुदत संपायला आठवडा उरला तेव्हा सिस्टर मंडळाच्या समितीपुढं आल्या. म्हणाल्या, मला भांडण नको आहे, नानासाहेबांना चार माणसांनी समजावून सांगा, घर अजून रिकामं हाय, त्या बाईच्या मुलीचा प्रश्न हाय. नाना समितीवर होता. तो उसळला. "मी असं काही म्हणालोच नाही! त्या बाईला मी घर गेलं सांगितलं कारण गेलंच होतं. कोण म्हणतं मी असं बोललो? कुणी ऐकलं?"

मी चिटणीस होतो. पुढ्यात वही, हातात पेन. सिस्टर माझ्यापासून दोन हातांवर बसल्या होत्या.

अध्यक्षांनी विचारलं, "सिस्टर, ऐकणारं माणूस कोण? नाव सांगा."

"ज्यानं ऐकलंय त्यानं सांगायचं," सिस्टर म्हणाल्या. "मी नाव घेणार नाही."

"म्हणजे नाहीच कुणी," नाना म्हणाला. कुणी तरी हसलं. कुणी तरी म्हणालं, "पुढचा विषय घ्या."

सिस्टरनी माझ्याकडं एकदाही पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित मी बोललो असतो, असं मी पुढं किती तरी दिवस स्वतःला सांगत असे. तेही खोटं. मी वहीत लिहिलं: 'श्रीमती साळवे यांनी एका ज्येष्ठ सभासदावर केलेल्या आरोपाला कोणताही पुरावा आढळला नाही. सभासदांना झालेल्या मनस्तापाबद्दल समिती खेद व्यक्त करते.' अक्षर माझं. सहीही माझी. ती मात्र मी जागच्या जागी केली. पुरावा घरी खणात होता.

मुदत गेली. नानानं ते घर पुण्याच्या एका जोडप्याला दिलं. अबेनाला सोळा पूर्ण झाली. ग्रेसला घर मिळालं ते त्यानंतर अकरा महिन्यांनी, हारबुर्गमध्ये, आणि मग केलेला मुलीचा अर्ज फेटाळला गेला. मंडळानं सिस्टरना बोलावणं बंद केलं. गणपतीत प्रथमोपचाराच्या टेबलाशी निवृत्तीपासून दर वर्षी त्याच बसायच्या, तिथं दुसरं कुणी तरी बसू लागलं.

मला वाटलं होतं, आता त्या माझं तोंड बघणार नाहीत. पंधरा दिवसांनी फोन आला. वांड्सबेकमध्ये एक घर आहे, अर्ध्या तासानं फोन करा. मी चाचरत म्हणालो, "सिस्टर, अजून मीच?" त्या म्हणाल्या, "केळकरांचं काय ते केळकर बघतील. मला पीटरसन द्या." त्यानंतर पाच वर्षं मी त्यांच्यासाठी फोन करत राहिलो. त्या कोट घालून दाराबाहेर उभ्या राहत राहिल्या. या विषयावर आम्ही अवाक्षर बोललो नाही.

बोललो ते एकदाच, अगदी शेवटी. त्या शेवटच्या दिवसांच्या पेशंटांसाठी असलेल्या एका घरात होत्या. पलंगावर आडव्या, अंगात दवाखान्याचा निळा झगा. मी त्यांना कधी आडवं पाहिलं नव्हतं. उगाच उशी सारखी केली, पडदा सारला, पाण्याचा ग्लास इकडचा तिकडं ठेवला.

"बसा की ओ. काय माशीसारखं फिरताय?"

"सिस्टर, मी माफी मागायला आलोय."

"माझी? मला कशाला? मला पाहिजे होतं का ते घर?"

मी खुर्ची ओढून बसलो. थोड्या वेळानं विचारलं, "त्या दिवशी माझं नाव का नाही घेतलंत?"

"बळजबरीची सही चालत नाही ओ," त्या म्हणाल्या. "साध्या अपेंडिक्सच्या ऑपरेशनलासुद्धा चालत नाही. पेशंटनं समजून उमजून स्वतः केली पाहिजे." मग डोळे मिटून म्हणाल्या, "ग्रेस येते इथं, मंगळवारी. भेटा."

"बघ…" माझ्या तोंडून शब्द निघालाच. त्यांनी एक डोळा उघडून माझ्याकडं पाहिलं. मी तो शब्द गिळला. पण मंगळवारी गेलो नाही. पुढच्या मंगळवारीही नाही. त्याआधीच त्या गेल्या होत्या.

शोकसभेनंतर आठ दिवसांनी मी नानाकडं गेलो. त्यानं चहा केला. मी म्हणालो, "नाना, तो फोन मी सिस्टरसाठी केला होता. पुतण्या कुणी नव्हता."

त्यानं हातातला कप खाली ठेवला. "म्हणजे ऐकणारा तू?"

"मी."

"मी तुला माझा पलंग दिला होता, अरविंद."

"दिला होतास. म्हणून तर सहा वर्षं गप्प बसलो."

"मग आता काय झालं? ती तर गेली. माझ्या घरात कोण राहील हे मी ठरवू नये?"

"आपल्या तोंडावर दार लावणाऱ्या त्या म्हाताऱ्या आठवतात? त्याही त्यांच्या माणसांना पलंग देतच असतील रे. वाईट नसतील स्वभावानं."

नानानं माझा कप पुढं सरकवला. "चहा घे," तो म्हणाला. "गार होतोय." त्यानंतर त्यानं मला फोन केलेला नाही. मी केला, तो उचलत नाही.

मग मी खण उघडला. सिस्टरच्या अक्षरातल्या त्या तक्त्याखाली सही केली, आजची तारीख घातली आणि हारबुर्गला ग्रेसकडं गेलो. कायद्यानं त्या कागदाला आता काही किंमत नाही, हे मला माहीत होतं. तो मराठीत होता, म्हणून मी तिला जर्मनमध्ये वाचून दाखवला. एकही शब्द गाळला नाही. 'काळी बाई' गाळला नाही, 'खानदान' गाळला नाही.

"परत वाचा," ती म्हणाली.

मी परत वाचला. ती ओट्याला टेकून उभी होती. म्हणाली, "सिस्टर सांगायच्या, ऐकणारा एक माणूस आहे, पण त्याची अजून तयारी झालेली नाही. मला वाटायचं, कुणी जर्मन असेल." मग विचारलं, "हे कुठं नोंदलेलं आहे?"

"कुठंच नाही. आमच्या मंडळाच्या वहीत उलटं लिहिलेलं आहे."

"कुणी?"

"मी."

"जा. मग तुम्हीच सुलटं करा. तुमच्या भाषेत लिहा. घरंही तुमच्या भाषेतच दिली जातात ना?" आवाज चढलेला नव्हता. वृद्धाश्रमात एखाद्या म्हाताऱ्याला औषध घ्या म्हणताना असतो तसा होता.

मंडळाच्या वार्षिक अंकासाठी म्हणून हे लिहिलं आहे. छापतील न छापतील. न छापलं तर प्रती काढून मी स्वतः वाटीन. वहीतल्या त्या नोंदीखाली मी लाल शाईनं लिहून आलो आहे की ही नोंद खोटी आहे, पुरावा होता आणि तो चिटणिसानं दडवला.

पण ग्रेसकडची गोष्ट तिथं संपली नाही. मी उठणार तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. अबेना होती. ती आता एकवीस वर्षांची आहे. नर्सिंगच्या प्रशिक्षणासाठी इथं प्रवेश मिळवायचा म्हणून कुमासीत जर्मन शिकते आहे. ग्रेस तिच्याशी त्यांच्या भाषेत काही तरी बोलली, माझ्याकडं एकदा पाहिलं, आणि फोन माझ्यासमोर धरला.

पडद्यावर केसांच्या बारीक वेण्या घातलेली एक मुलगी. शांतपणे, एकेक शब्द नीट लावत तिनं जर्मनमध्ये विचारलं, "ते घर तुम्ही पाहिलं आहे?"

एक गोष्ट मी सिस्टरनाही कधी सांगितली नव्हती. मी त्या घरात जाऊन आलो होतो. त्या जोडप्यानं सत्यनारायण घातला तेव्हा नानानं मला नेलं होतं आणि मी तिथं बसून प्रसाद खाल्ला होता.

"पाहिलंय," मी म्हणालो.

"कसं आहे?"

"अडीच खोल्यांचं. दोन मोठ्या, आणि अंगणाच्या बाजूला एक लहान. इथं तिला अर्धी खोली म्हणतात."

"ती माझी झाली असती?"

"हो. बहुतेक तीच."

"खिडकी आहे?"

"आहे. बाहेर सायकली लावतात. एक चेस्टनटचं झाड आहे."

"त्या खोलीत आता कोण राहतं?"

मला माहीत नाही, असं म्हणता आलं असतं. ग्रेस फोन धरून उभी होती, तिचा हात स्थिर होता.

"कुणी नाही," मी म्हणालो. "मी गेलो तेव्हा तिथं रिकाम्या सुटकेसा रचून ठेवल्या होत्या."

तिनं एकदा मान डोलावली. मग म्हणाली, "डांके, धन्यवाद. आता आईला द्या."